दुसऱ्या भागात पाव्हणं कोण? ‘रश अवर २’ आणि तालमीच्या माडीवरचे चार रविवार

बोकडाच्या वाक्याला आमच्या तालमीचे वस्ताद हसले तेव्हा वहीत खूण करायची मी विसरले. ज्या हसण्याची नोंद घ्यायला मी पडद्याकडं पाठ करून बसले होते, ते हसू आलं आणि मीही सगळ्यांबरोबर हसत होते. हे प्रकरण त्या हसण्याचं आहे. ‘रश अवर’ या दोन पोलिसांच्या विनोदी अमेरिकन सिनेमाचा दुसरा भाग कोल्हापुरातल्या एका पेठेनं कसा स्वीकारला आणि तिसरा का नाही स्वीकारला, हे मी जेवढं पाहिलं तेवढं इथं मांडते.

आमचं वाचनालय एका तालमीच्या माडीवर आहे. खाली लाल मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती, भिंतीला टेकवलेल्या व्यायामाच्या लाकडी जोड्या. वर पुस्तकांची कपाटं आणि एक लांबट खोली. तिला सगळे हॉल म्हणतात. जिना बाहेरून आहे, त्यामुळं बायकाही मोकळेपणानं येतात. पावसाळ्यात कुस्त्यांची मैदानं थांबतात, फुटबॉलचा हंगाम संपलेला असतो, पोरं कट्ट्यावर बसून कंटाळतात. अशाच एका जुलैत ठरलं, की रविवारी संध्याकाळी पडदा लावायचा. पहिला सिनेमा कुठला, यावर वाद झालाच नाही. वस्तादांचं हाँगकाँगच्या मारामारीपटांतल्या जॅकी चॅनवर फार प्रेम. ‘ह्यो खरा मेहनती गडी’ असं ते त्याच्याबद्दल बोलतात, आणि ते हे कुणाहीबद्दल सहजी बोलत नाहीत. म्हणून ‘रश अवर’चे तीन भाग, ओळीनं तीन रविवार.

आमच्याकडच्या प्रतीत बोलणं इंग्रजी, खालची अक्षरंही इंग्रजी. हॉलमध्ये चाळीसेक माणसं, त्यातली निम्मी साठीच्या पुढची. मग पेठेतलाच इंजिनिअरिंगला शिकणारा एक पोरगा माईक घेऊन पडद्याशेजारी बसला आणि चाललेलं बोलणं कोल्हापुरीत सांगायला लागला. मूकपटांच्या जमान्यात पडद्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस थिएटरात असायचा. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं या गावात मूकपट काढले, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. तो माणूस आमच्या माडीवर पुन्हा अवतरला होता, हातात ब्लूटूथचा माईक घेऊन.

यातून एक सोय आपोआप झाली. माणसं कुठं पोराच्या आधी हसतात, कुठं तो बोलल्यावर हसतात आणि कुठं त्याच्याकडं मान वळवून ‘काय म्हनला रं?’ विचारतात, हे तीन प्रकार वेगवेगळे दिसायला लागले. पहिल्या रविवारी अर्ध्या तासात हे माझ्या ध्यानात आलं आणि मी खुर्ची फिरवून माणसांकडं तोंड करून बसले. हा सगळा अभ्यास त्या खुर्चीतून झाला आहे.

पहिला रविवार

पहिल्या भागाची सुरुवात हाँगकाँगमधल्या ब्रिटिश राजवटीच्या शेवटच्या रात्री होते, म्हणजे १९९७ साली. तिथला इन्स्पेक्टर ली, म्हणजे जॅकी चॅन. त्याच्या जवळच्या एका चिनी मुत्सद्द्याची बदली लॉस एंजेलिसला होते, तिथं त्याची लहान मुलगी पळवली जाते आणि मुत्सद्दी लीला बोलावून घेतो. एफबीआयला, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेला, हा परका पोलीस मध्ये नको असतो. म्हणून ते लॉस एंजेलिस पोलिसांतला एक बडबड्या, कुणाशी न पटणारा माणूस, जेम्स कार्टर (क्रिस टकर), त्याच्या गळ्यात घालतात. याला गावभर फिरव आणि आमच्यापासून लांब ठेव, एवढंच त्याचं काम.

विमानतळावर कार्टर लीशी ओरडून ओरडून बोलतो, कारण याला इंग्रजी येत नाही अशी त्याची समजूत. ली गप्प राहतो, हसतो. बऱ्याच वेळानं तो नीट इंग्रजी बोलतो आणि कार्टर चिडतो. ली म्हणतो, मला येत नाही असं मी कधी म्हटलंच नव्हतं. आमचा हॉल इथं पहिल्यांदा एका सुरात हसला, आणि पोरानं अजून तोंड उघडलं नव्हतं. खेड्यातल्या माणसाला अडाणी समजून मोठमोठ्यानं बोलणारा साहेब पेठेतल्या प्रत्येकानं कधी ना कधी पाहिलेला आहे. गप्प राहून त्याची परीक्षा घेणारा आजोबाही प्रत्येकाच्या घरात आहे. आपल्या वगातला कोतवाल आणि हवालदार हे तरी दुसरं काय आहेत? अधिकार एकाकडं, अक्कल दुसऱ्याकडं, आणि दोघांना एकाच रंगमंचावर उभं राहायचंय. जोडीच्या विनोदाला आमचे लोक सरावलेले आहेत.

पण वाक्यांचे विनोद पडले. क्रिस टकर इतक्या वेगानं बोलतो की पोरगा एक वाक्य सांगेपर्यंत तीन निघून जायची. त्या रविवारी ‘काय म्हनला?’ हा प्रश्न सारखा येत होता. वस्ताद मात्र टकरकडं बघतच नव्हते. जॅकी चॅन भिंत चढला, की ते मांडीवर थाप मारायचे.

इथं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जॅकी चॅननं स्वतःच पुढं सांगितलं होतं, की पहिल्या भागातला अमेरिकन विनोद आपल्याला कळला नाही आणि त्यातली मारामारीही मनाजोगी वाटली नाही. ज्या विनोदानं जग हसलं तो त्यातल्या एका नायकाला परका होता. आमच्या हॉलमधल्या माणसांची अवस्था नेमकी त्याच्यासारखी होती. माझ्या मते ली पडद्यावर इतका खरा वाटतो तो यामुळंच. शेजारचा माणूस काय बडबडतोय हे नीट न समजता त्याच्याकडं बघणाऱ्या माणसाचे ते डोळे आहेत, आणि ते नाटकी नाहीत.

शेवटी दोघं विमानात बसून हाँगकाँगला निघतात. कार्टर सुट्टीवर, लीच्या गावाला. पुढच्या रांगेतल्या एका काकी उठता उठता म्हणाल्या, ‘म्हंजे आता ह्यानं त्याच्याकडं जायाचं. बरोबर हाय. एकदा त्यो आला, आता ह्येनं जायाला पायजे.’ मी तेव्हा हे वहीत नुसतं उतरवून घेतलं. महत्त्व कळायला आठ दिवस लागले.

दुसरा रविवार

कोल्हापुरात अनोळखी माणसालाही हाक मारायची तर ‘पाव्हणं’ म्हणतात. रस्ता विचारणारा पाव्हणा, एसटीत शेजारी बसणारा पाव्हणा. पाहुणचाराचा एक न लिहिलेला कायदाही इथं चालतो. तुम्ही आमच्या ताटावर बसलात, आता आम्ही तुमच्या. परतीचं जेवण झाल्याशिवाय ओळख पुरी होत नाही.

‘रश अवर २’ नेमका या कायद्यावर उभा आहे. पहिल्या भागात परका होता ली आणि घरचा होता कार्टर. दुसऱ्यात कार्टर हाँगकाँगच्या गर्दीत उभा आहे, भाषा येत नाही, काय खायचं कळत नाही, आणि बडबड मात्र तेवढीच. ली शांतपणे त्याला फिरवतो आणि मध्येच त्याच्या सुट्टीच्या नावाखाली आपलं तपासाचं काम उरकत राहतो. गोष्ट म्हणाल तर अशी: अमेरिकन वकिलातीत बॉम्बस्फोट, खोट्या शंभर डॉलरच्या नोटा, लीच्या वडिलांचा एके काळचा सहकारी रिकी टॅन आता गुंडांचा म्होरक्या, आणि माग काढत काढत लास वेगासच्या कॅसिनोपर्यंतचा प्रवास. नोटांचा धागा आमच्या हॉलमध्ये निम्म्या लोकांना शेवटपर्यंत लागला नाही. त्यानं काही अडलंही नाही.

बोकडाचं वाक्य इथं येतं. गाडीतून जाताना कार्टर शेजारच्या गाडीतल्या दोन बायकांशी चिनी भाषेत बोलायला जातो. आपण त्यांना प्यायला बोलावलं अशी त्याची कल्पना. ली त्याला सांगतो, तू त्यांना कपडे काढून एक लहान बोकड बळी द्यायला बोलावलंस. पोरानं ‘कपडे काढून’ गाळलं, समोर आज्या बसल्या होत्या. तो एवढंच म्हणाला, ‘ह्येनं बायकास्नी बोकड कापायला बोलिवलंय.’

आषाढ चालू होता. त्र्यंबोलीची जत्रा तोंडावर होती. हॉलमधल्या प्रत्येक घरात त्या आठवड्यात मटणाचा विषय निघालेला होता. हसू इतकं वर गेलं की खालून तालमीतली पोरं जिन्यावर येऊन उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, ‘मग जायाचं की! नको कशाला?’ आणि पुन्हा तीच लाट. वस्ताद चष्मा काढून डोळे पुसत होते.

लिहिणाऱ्याला हाँगकाँगमधला परका दाखवायचा होता. आषाढातल्या कोल्हापुराची त्याला कल्पना असणं शक्यच नव्हतं. तरी ते वाक्य इथं पोचलं, कारण त्याखाली उभी असलेली परिस्थिती आमची ओळखीची होती: परगावी गेलेला माणूस, चार शब्द शिकून ऐटीत बोलायला जाणारा, आणि घरचा माणूस हसू दाबत शेजारी बसलेला. पहिल्या भागात ओरडून बोलणारा कार्टर आठ दिवसांपूर्वीच सगळ्यांनी पाहिला होता. त्याचं उट्टं निघत होतं, आणि तेही प्रेमानं. पहिला भाग पाहिला नसता तर हे वाक्य नुसता विनोद झालं असतं. दुसऱ्या भागात ते परतीचं जेवण झालं.

त्या रविवारी ‘काय म्हनला?’ फार कमी आलं. पोरगा तोच, टकरचा वेगही तोच. पण आता माणसांना कार्टर कळला होता. तो काय बोलला यापेक्षा तो बोलला आणि लीनं त्याच्याकडं कसं पाहिलं, एवढं त्यांना पुरत होतं.

मग परांचीवरची मारामारी आली. हाँगकाँगमध्ये उंच उंच इमारतींनाही बांबूची परांची बांधतात. त्या बांबूंवरून ली पळतो, लोंबकळतो, बांबू फिरवून दुसऱ्याला अडवतो, एका मजल्यावरून खालच्या मजल्यावर घसरतो. नेमका तेव्हा पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला. माईकचा आवाज बुडाला, सिनेमाचा आवाज बुडाला. कुणी तक्रार केली नाही. पेठेतले एक गवंडी उभे राहून गाठी बघत होते. ‘सुंब न्हाई, पट्टी हाय कसलीतरी. पर गाठ पक्की हाय,’ असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. वस्ताद खालून आलेल्या पोरांना म्हणाले, ‘मारणाऱ्याकडं बघू नका, पडणाऱ्याकडं बघा. पडायला शिकल्याबिगर पाडता येत न्हाई.’

हा माणूस लहानपणी हाँगकाँगच्या एका चिनी ऑपेरा शाळेत राहून शिकला, कोलांट्या आणि पडणं हीच तिथली पहाटेची मेहनत, हे मी पोरांना तेव्हाच सांगितलं. सिनेमाच्या शेवटी फसलेल्या शॉट्सचे तुकडे येतात. त्यात तो आपटतो, हसतो, पुन्हा उभा राहतो. ही त्याची जुनी पद्धत. तिन्ही रविवारी ते तुकडे संपेपर्यंत एकही माणूस उठला नाही. आमच्याकडं मैदान संपल्यावर गडी माती झाडत येतो तेव्हा लोक त्याच्या पाठीवर हात फिरवतात. ते तुकडे बघताना हॉलचे चेहरे तसे झाले होते.

हसण्याइतक्याच दोन गप्प जागा मला महत्त्वाच्या वाटतात. पोलिसांच्या इमारतीत स्फोट होतो आणि कार्टर त्यात गेला असं लीला वाटतं. प्रेक्षकाला माहीत असतं की तो मरणार नाही, विनोदी सिनेमा आहे. तरी हॉल गप्प झाला. पुढच्या रांगेतल्या काकी ‘अगं बाई’ म्हणाल्या. पहिल्या भागात हे घडलं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं, कारण ते दोघं तेव्हा एकमेकांचे कुणी नव्हते. जोडीच्या सिनेमाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा श्रीमंत होऊ शकतो तो इथं. गमावण्यासारखं काहीतरी आता हातात आलेलं असतं.

दुसरी गप्प जागा वेगळी आहे, आणि ती मला टोचत राहिली.

मसाज पार्लरमधल्या गोंधळात कार्टर चुकून लीलाच ठोसा मारतो, आणि वर म्हणतो, तुम्ही सगळे सारखेच दिसता. हॉल हसला. मी माणसांकडं तोंड करून बसले होते म्हणून मला दिसलं, की मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. ती मणिपूरची, इथं नर्सिंग शिकते, आमच्या वाचनालयाची सभासद आहे. सिनेमा संपल्यावर मी तिच्याजवळ गेले. तिनं शांतपणे सांगितलं, की हे वाक्य ती बसमध्ये, बाजारात रोज ऐकते, आणि म्हणणाऱ्याला दर वेळी ते नवीन वाटत असतं. लीचा चेहरा तिला त्या क्षणी आपला वाटला. पण तो नायक आहे, पुढच्याच क्षणी तो चार जणांना लोळवतो. ‘मला कॉलेजला जायचं असतं,’ ती म्हणाली.

पाहुणा आणि यजमान यांची अदलाबदल हे या सिनेमाचं बळ आहे असं मी म्हणते, तेव्हा हेही म्हणायला हवं, की अदलाबदल इथं फसते. कार्टर हाँगकाँगमध्ये आहे, परका तो आहे, तरी सारखा दिसण्याचा ठपका घरच्याच माणसांवर येतो. लेखकानं आपलीच चौकट त्या वाक्यापुरती विसरून जुन्या सवयीचा विनोद केला. सिनेमा २००१ सालचा आहे म्हणून मी ते वाक्य सोडून देणार नाही, कारण ती मुलगी त्या रविवारी आमच्या हॉलमध्ये होती.

कॅसिनोतल्या शेवटाबद्दल थोडंच लिहिते. खलनायिका लीच्या तोंडात छोटा बॉम्ब ठेवून वरून पट्टी चिकटवते. पहिल्या भागात स्वतःहून गप्प राहिलेला ली आता बोलूच शकत नाही, आणि न थांबता बोलणाऱ्या कार्टरला त्याचं गप्प राहणं ओळखायचंय. माझ्या लेखी ही तिन्ही भागांतली सगळ्यात नेटकी कल्पना आहे. पहिल्या भागातली गंमत उलटी करून तिच्यात जीव टांगला आहे. पोरगा माईक खाली ठेवून नुसता बघत होता.

त्या वेळी बाहेर काय घडलं

एका माडीवरच्या चाळीस माणसांवरून सिनेमा तोलता येत नाही, म्हणून जगातली नोंदही बघू. पहिला भाग सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत लागला. खर्च साडेतीन कोटी डॉलरच्या आत, जगभरची तिकीटविक्री सुमारे २४ कोटी. दुसरा ३ ऑगस्ट २००१ ला आला. खर्च ९ कोटी, पहिल्या तीन दिवसांत फक्त अमेरिका आणि कॅनडात ६.७ कोटी, शेवटी जगभर सुमारे ३४.७ कोटी. तिसरा १० ऑगस्ट २००७ ला. खर्च १४ कोटी, विक्री सुमारे २५.८ कोटी.

हे आकडे वाचताना एक गोष्ट विसरू नये. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा थिएटरकडं राहतो. पहिल्या भागानं खर्चाच्या सातपट विक्री केली, दुसऱ्यानं जवळजवळ चौपट, तिसऱ्यानं दुप्पटही नाही. म्हणजे दुसरा भाग तिकीटविक्रीच्या आकड्यानं सगळ्यांत मोठा ठरला तरी पैशाच्या हिशेबात पहिला जास्त सुखाचा होता. दुसऱ्यासाठी क्रिस टकरचं मानधन २ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या. जोडी जमली की जोडीची किंमत वाढते, आणि पुढचा भाग त्या ओझ्याखाली सुरू होतो.

समीक्षकांचं मत दुसऱ्या भागाबाबत साधारण निम्मं निम्मं पडलं, तिसऱ्याबाबत बहुतेक सगळं विरोधात गेलं. प्रेक्षक दुसऱ्याला समीक्षकांपेक्षा कितीतरी उदार होते. मला यात प्रेक्षकांचं बरोबर वाटतं. तोच खेळ पुन्हा असा शेरा मारणाऱ्यानं खेळाची बाजू बदललीय हे पाहिलं नाही.

आता कोड्याचा भाग. तिन्ही भागांचा दिग्दर्शक एकच, ब्रेट रॅटनर. दुसऱ्या आणि तिसऱ्याचा लेखकही एकच, जेफ नॅथन्सन. नायक तेच. मग दुसरा का चालला आणि तिसरा का ढेपाळला? मध्ये सहा वर्षं गेली आणि त्या सहा वर्षांत टकरनं दुसरा एकही सिनेमा केला नाही, हे एक कारण दिलं जातं. जॅकी चॅनचं वय, हे दुसरं. तिसऱ्या भागाच्या वेळी तो त्रेपन्न वर्षांचा होता. दोन्ही कारणं खरी आहेत, पण आमच्या हॉलला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी मधलं अंतर आठ दिवसांचं होतं. तरी तिसऱ्या रविवारी हॉल थंड पडला.

तिसरा रविवार

तिसरा भाग लॉस एंजेलिसमध्ये सुरू होतो, पण बहुतेक पॅरिसमध्ये घडतो. ली तिथं परका, कार्टरही परका. ताट वाढणारं कुणी नाही आणि ताटावर बसणारा कोण तेही ठरलेलं नाही. दोघं भांडतात, पण भांडण कशावरून चाललंय ते लक्षात राहत नाही. त्या दिवशी पोराला सगळ्यात जास्त बोलावं लागलं. ‘काय म्हनला?’ परत आलं, आणि उत्तर मिळाल्यावरही माणसं हसली नाहीत.

तासाभरानं वस्ताद माझ्याकडं झुकून म्हणाले, ‘बाई, ही नूरा हाय.’

ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: आधीच ठरवून केलेली कुस्ती म्हणजे नूरा कुस्ती. गडी तेच असतात, डावही तेच पडतात, घामही खरा असतो. पण कोण कुणाला पाडणार हे दोघांना माहीत असतं आणि ते अंगात दिसतं. खासबागेच्या कुस्तीमैदानात बसणारा माणूस नूरा लांबूनही ओळखतो. मी विचारलं, वस्ताद, सिनेमा तर सगळाच ठरवलेला असतो, मग दुसरा नूरा का नव्हता? त्यांनी थोडा विचार केला. ‘दुसऱ्यात त्यो काळा गडी घाबरला हुता. परगावात हुता नव्हं? हितं दोघंबी निवांत हायत.’

हे वाक्य मी तसंच ठेवते. माझं सगळं विवेचन त्यात आलं आहे. जोडीतल्या एकाला तरी पायाखालची जमीन अनोळखी लागते आणि दुसऱ्याला ती ओळखीची लागते. त्या फरकातून विनोद निघतो. दोघंही परके असले की ते नुसते प्रवासी होतात.

तिसऱ्या भागात दोनदा हॉल जागा झाला, आणि दोन्ही वेळा हेच खरं ठरलं. एक टॅक्सीवाला आहे. आधी अमेरिकन लोकांचा तिटकारा करणारा, मग यांच्या पाठलागात सापडून त्यातच रमणारा. तो आला की पॅरिसला घरचा माणूस मिळतो, आणि लगेच गंमत हलायला लागते. दुसरं म्हणजे ‘यू’ आणि ‘मी’चा प्रसंग. लॉस एंजेलिसमधल्या एका कुंग फू शाळेत गुरूचं नाव यू, दुसऱ्याचं मी. कार्टर विचारतो तू कोण, तो म्हणतो यू. मूळ गंमत इंग्रजी उच्चारांची. भाषांतरात ती हमखास मरावी. पण मराठीत ‘मी’ म्हणजे मीच! पोरानं ते क्षणात पकडलं. ‘ह्यो कोण? मी. तू न्हवं, ह्यो! ह्यो मीच हाय!’ हॉल खदखदला, आज्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत. लॉस एंजेलिसमधल्या चिनी शाळेतला इंग्रजी विनोद मराठीनं आपल्या पदरचा एक शब्द घालून तारला. तिथं पोरगा यजमान झाला होता.

एवढ्यानं सिनेमा उभा राहिला नाही. आयफेल टॉवरवरच्या मारामारीत उंची भरपूर आहे, पण परांचीवरच्या प्रत्येक बांबूत जी अडचण होती ती तिथल्या लोखंडात नाही. वस्ताद मांडीवर थाप मारायचे राहिले होते.

इतर दोन जोड्यांचा उल्लेख इथं करायला हवा, कारण दुसऱ्या भागाची वाट एकच नाही. १९८२ च्या ‘फॉर्टी एट अवर्स’चा दुसरा भाग १९९० साली आला तो जवळजवळ पहिल्याचीच घडी घालून. कैदी आणि पोलीस पुन्हा त्याच जागांवर. उलट विद्यार्थी बनून शाळेत शिरलेल्या दोन पोलिसांच्या ‘२१ जंप स्ट्रीट’च्या दुसऱ्या भागानं, २०१४ साली, उघडच सांगितलं की आम्ही मागचंच पुन्हा करणार आहोत, आणि तेच विनोदाचं खाद्य केलं. शाळेच्या जागी कॉलेज आणलं, आणि पहिल्यात मागं पडलेल्या गड्यालाच या खेपेला त्याचे सवंगडी मिळवून दिले. विक्री २० कोटी डॉलरवरून ३३ कोटींवर गेली. तिथंही वरवर सगळं तेच, आणि आतली बाजू मात्र फिरवलेली. कोण कुठं रुळतो, हे बदललं होतं.

चौथा रविवार

तिन्ही भाग संपले होते. पुढच्या रविवारसाठी मी एक जुना मराठी सिनेमा काढून ठेवला होता. बुधवारीच काकी वाचनालयात आल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, त्यो दुसरा परत लावा की.’ मागोमाग गवंडीही तेच बोलले. तिसरा पुन्हा कुणी मागितला नाही, पहिलाही नाही.

लावायच्या आधी मी पोराला मणिपूरच्या मुलीचं बोलणं सांगितलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, मी ते वाक्य सांगितलं तेव्हा मीही हसलो होतो. मी तिला विचारलं, तो प्रसंग पुढं पळवू का? ती नको म्हणाली. ‘असू दे, फक्त सांगू नका.’ ती त्या रविवारी आली, मैत्रिणीला घेऊन. ठोशाचा प्रसंग आला तेव्हा पोरानं माईक तोंडापासून लांब धरला. काही जण तरी हसलेच, चित्र डोळ्यांसमोर होतं. पण हसू मागच्या खेपेपेक्षा तोकडं होतं, आणि वस्तादांनी वळून मागच्या बाकाकडं पाहिलं. त्यांना हे कुणी सांगितलं होतं ते मी विचारलं नाही.

पावसानं उघडीप दिली होती. परांचीवरच्या मारामारीला खालची पोरं आधीच वर येऊन बसली होती. दोघं जण तर पडण्याची नक्कल करून बघत होते, आणि वस्ताद त्यांना खांदा आत घ्यायला सांगत होते.

गाडीतला प्रसंग आला. कार्टरनं काच खाली केली, शेजारच्या गाडीकडं बघून हसला, तोंड उघडलं. पोरानं माईक उचलला. त्याच्या आधीच आज्यांच्या रांगेतून, मग सगळ्या हॉलमधून एकदम आवाज आला, ‘बोकड कापायला बोलिवलंय!’